सिनेमा पाहावा कसा?



पूर्वी जत्रा आली की गावाबाहेर सिनेमाचा तंबू पडे. दिवस मावळला की बैलगाड्या सुटत. बाया एका अंगाला, गडी दुसऱ्या अंगाला, आणि पोरे अगदी पुढे मातीत बसत. आता तंबूची वाट पाहावी लागत नाही. सिनेमा घरच्या टीव्हीवर दिसतो. खिशातल्या मोबाईलवरही दिसतो. पाहणे सोपे झाले आहे. पण पाहून शहाणे होणे? ते तेव्हा जितके अवघड होते, तितकेच आजही आहे.

जेवण पोटात गेले म्हणजे झाले असे नाही. ते पचावे लागते. सिनेमाचेही तसेच आहे. डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, आणि सकाळी विसरलो, तर रात्रीची झोप तेवढी वाया गेली.

हा धडा त्यासाठी आहे.

१. चित्रे हलू लागली

आपल्या देशात पडद्यावर लांब गोष्ट सांगण्याची वाट दादासाहेब फाळके यांनी रुळवली. ते त्र्यंबकेश्वरचे. मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचे एक चित्र पाहिले. त्यांच्या मनात आले, असेच आपले राम आणि कृष्ण पडद्यावर का दिसू नयेत? झाले, त्यांनी ध्यास घेतला. पैसा नव्हता. पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. कामावरच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक केला. फिल्मच्या कामातही हात लावला.

३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्या काळी सिनेमात काम करायला बायका तयार होत नव्हत्या. म्हणून तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले. चित्र मुके होते. मधूनमधून पडद्यावर अक्षरे येत. ज्याला वाचता येई त्याला गोष्ट नीट कळे. ज्याला येत नसे तो शेजाऱ्याला विचारी, "काय लिहिलंय हो?"

पुढे १९३२ साली प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' काढला. हा मराठीतला पहिला बोलपट. गोष्ट पुन्हा हरिश्चंद्राचीच. पण आता राजा बोलत होता. तारामतीचे काम दुर्गा खोटे यांनी केले. एकोणीस वर्षांत एवढा पालट झाला.

पहिल्या मुक्या चित्राची गोष्ट सत्यवचनी राजाची, आणि पहिल्या मराठी बोलपटाचीही तीच. यावरून दिसते, की आपले लोक सिनेमाकडे नुसती करमणूक म्हणून आले नाहीत. कीर्तनाला यावे तसे आले.

२. तीन रात्री, तीन बोलपट

आमच्या साक्षरता वर्गात एकदा असे ठरले, की यात्रेच्या तीन रात्री तीन जुने बोलपट पाहायचे. शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर लावायची. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर बोलायचे. नुसते "छान होता" असे म्हणायचे नाही. काय घेतले ते सांगायचे.

पहिल्या रात्री 'संत तुकाराम' लावला. हा १९३६ सालचा प्रभातचा बोलपट. दामले आणि फत्तेलाल यांनी तो काढला. विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबांचे काम केले. मुंबईत तो एका थेटरात वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली इटलीतल्या व्हेनिस शहरी जगभरच्या चित्रांत त्याचा गौरव झाला.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. वर्गातल्या सगळ्यांत वडील आजी प्रथम बोलल्या.

"गुरुजी, त्या बीजाच्या आणि झाडाच्या गाण्यानं माझं मन भरून आलं. मी रोज जात्यावर तेच म्हणायची. तुकोबांचा अभंग तो. किती गोड!"

गुरुजी म्हणाले, "आजी, आता तुम्हांला वाचता येतं. वर्गात गाथा आहे. तिच्यात मागे पहिल्या चरणांची यादी असते. शोधून काढा बरं."

आजींनी चष्मा लावला. शेजारी एक सूनबाई बसल्या. दोघींनी बोट ठेवून ठेवून यादी वाचली. तो दिवस गेला, दुसरा दिवस गेला. अभंग सापडेना.

मग गुरुजींनी सांगितले, "तो सापडणार नाही. ते गाणं शांताराम आठवले यांनी त्या बोलपटासाठी लिहिलं. ते इतकं तुकोबांच्या वळणाचं उतरलं, की पुष्कळांना तो जुना अभंगच वाटला."

आजींचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "मग इतकी वर्सं मी खोटंच म्हणत होते का?"

"खोटं कसं? गाणं चांगलंच आहे. म्हणा की! पण ज्याचं आहे त्याच्या नावानं म्हणा. बोलपटातला सालोमालो काय करतो? तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवतो. त्याला आपण सारे हसलो. आपण उलट केलं. आठवल्यांचं गाणं तुकोबांच्या नावावर घातलं. आपल्या मनात कपट नव्हतं. पण ज्याचं श्रेय त्याला गेलं नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच."

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लिहून द्या त्यांचं नाव. न्हाई, थांबा. मीच लिहिते."

आणि त्यांनी आपल्या वहीत ते नाव लिहिले.

एका तरुणाने विचारले, "गुरुजी, शेवटी तुकोबा विमानात बसून वैकुंठाला जातात. ते विमान कसं काय दाखवलं?"

गुरुजींनी सांगितले, "ती कॅमेऱ्याची करामत. एकाच फिल्मवर दोनदा चित्र घेतात. मध्येच यंत्र थांबवून माणूस बाजूला करतात. मग पडद्यावर माणूस एकाएकी नाहीसा झालेला दिसतो. फाळक्यांच्या वेळेपासून या युक्त्या आहेत."

एक माळकरी बाबा जरा रागावले. "म्हंजे आमची श्रद्धा खोटी म्हणता का?"

"नाही बाबा. युक्ती पडद्याची आहे. तुमची श्रद्धा तुमच्या मनातली आहे. दोन्हींची गल्लत करू नये एवढंच. मी असं विचारतो, की विमान बाजूला ठेवलं, तर त्या बोलपटातून तुमच्यापाशी काय उरतं?"

बाबांनी विचार केला. "राजानं धाडलेला नजराणा तुकोबांनी परत धाडला, ते उरतं. घरात काही नसताना धाडला. मला न्हाई तसं जमायचं."

"तर मग तोच तुमचा धडा," गुरुजी म्हणाले.

तोच त्या सूनबाई बोलल्या. एरवी त्या वर्गात बोलत नसत.

"पर जिजाईचं काय? घरात दाणा न्हाई. पोरं भुकेली. आणि दारात आलेलं परत धाडायचं! लोक तिला कजाग म्हणत्यात. पर चूल तिलाच पेटवायची होती ना?"

सगळे गप्प झाले. गुरुजीही लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, तुम्ही मोठा प्रश्न विचारला. ज्यांनी बोलपट काढला त्यांनीही जिजाईला नुसती कजाग दाखवलेली नाही. ती भांडते, पण घर तीच सांभाळते. तिचा राग खरा आहे. तिचे कष्टही खरे आहेत. चांगला सिनेमा तो, की ज्यात दोन्ही बाजूंची माणसं खरी वाटतात. आणि चांगला पाहणारा तो, की ज्याला दुसरी बाजूही दिसते."

३. एका अक्षराची किंमत

दुसऱ्या रात्री 'रामशास्त्री' लावला. हाही प्रभातचाच, १९४४ सालचा. गजानन जागीरदार यांनी रामशास्त्र्यांचे काम केले.

रामशास्त्री प्रभुणे हे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. अशी आख्यायिका सांगतात, की ऐन विशीपर्यंत त्यांना फारसे लिहिणे-वाचणे येत नव्हते. एका सावकाराच्या घरी ते नोकरीला होते. तेथे त्यांचा अपमान झाला. तो मनाला लागला. त्यांनी काशीची वाट धरली, विद्या केली, आणि पुढे ते पेशव्यांचे न्यायाधीश झाले. वाचकहो, मोठेपणी पाटी हातात घेतली म्हणून लाजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मारेकरी गारदी होते. नारायणरावाचा चुलता रघुनाथराव गादीवर बसला. रामशास्त्र्यांनी चौकशी केली. खुनात रघुनाथरावाचा हात आहे असे त्यांना दिसले. तेव्हा ज्याच्या हाती सत्ता होती, त्याच्याच तोंडावर त्यांनी सांगितले, की या पापाला देहान्त प्रायश्चित्त. मग पुणे सोडून ते निघून गेले. पुढे रघुनाथरावाची सत्ता गेली, तेव्हा ते पुन्हा न्यायाच्या आसनावर आले.

या खुनाबरोबर आणखी एक गोष्ट लोकांच्या तोंडी आहे. कागदावर 'धरावे' असे लिहिले होते. आनंदीबाईने 'ध' चा 'मा' केला, आणि 'मारावे' असे झाले. नाटकांतून आणि गोष्टींतून आपण हे ऐकतो. पण कितीतरी इतिहासकार ती दंतकथा समजतात. खून झाला हा इतिहास आहे. रामशास्त्र्यांचा निर्भीडपणा हाही इतिहास आहे. अक्षर बदलल्याची गोष्ट मात्र दंतकथा म्हणूनच सांगावी. पडद्यावर दिसले म्हणजे पुरावा मिळाला असे होत नाही.

वर्गात एकाने विचारले, "मग दंतकथेचा उपयोग काय? टाकूनच द्यावी का?"

त्यावर वर्गातले एक शेतकरी काका बोलले. "टाकू नका. मला तिचा उपयोग झाला. दोन वर्सांमागं एकानं मला कागद दिला. म्हनला, काका, साधी पावती हाय, अंगठा करा. मी केला. मागनं कळलं, त्यात एका व्यवहाराला मी जामीन झालो होतो. दुसऱ्याचं कर्ज मी फेडलं. एक म्हैस इकावी लागली. त्या दिवसापास्नं मी वर्गाला येतो. 'ध' चा 'मा' झाला का न्हाई ते मला ठावं न्हाई. पर कागदावर एक शब्द इकडचा तिकडं झाला, तर गोठा रिकामा होतो, हे मला ठावं हाय."

याहून चांगला अर्थ कोण सांगणार? दंतकथेला इतिहास म्हणू नये. पण तिच्यात शहाणपण असेल तर ते घ्यावे.

इतिहासाचा सिनेमा पाहताना आणखी एक सवय लावावी. साल विचारावे. 'संत तुकाराम' मध्ये शिवराय येतात. शिवराय १६३० साली जन्मले. तुकोबा १६५० च्या सुमारास गेले. म्हणजे तुकोबांच्या हयातीत शिवराय विशीच्या आतबाहेरचे तरुण होते. राज्याभिषेक झाला तो १६७४ साली. तेव्हा तुकोबांना जाऊन चोवीस वर्षे झाली होती. एवढी वजाबाकी केली, की डोक्यातले चित्र जागेवर बसते. आपण पाटीवर शिकलेली वजाबाकी अशी कामाला येते.

४. तिसरी रात्र

तिसऱ्या रात्री 'शेजारी' लावला. हा १९४१ सालचा. व्ही. शांताराम यांनी काढला. एक गाव आहे. तेथे जिवबा हा हिंदू आणि मिर्झा हा मुसलमान, असे दोन म्हातारे शेजारी आहेत. दोघांची जुनी मैत्री. केशवराव दाते जिवबा झाले आहेत, जागीरदार मिर्झा झाले आहेत. बाहेरच्या एकाला तेथे धरण बांधायचे असते. त्यासाठी त्याला जमिनी हव्या असतात. गाव एक आहे तोवर त्याचे काम होत नाही. म्हणून तो संशय पेरतो. मैत्री तुटते. शेवटी धरण फुटते. तेव्हा दोघे मित्र पुन्हा एक होतात, पण मरताना.

याच बोलपटाची हिंदी आवृत्ती 'पडोसी'. तिच्यात हिंदू म्हाताऱ्याचे काम मजहर खान या मुसलमान नटाने केले, आणि मुसलमान म्हाताऱ्याचे काम जागीरदार या हिंदू नटाने केले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९४७ साली, देशाची फाळणी झाली. कितीतरी शेजारी एकमेकांना मुकले. ते ध्यानात घेऊन हा बोलपट पाहिला, की काळजाचे पाणी होते.

त्या रात्री शाळेच्या पटांगणात कितीतरी जणांनी डोळे पुसले. त्यांत आमच्या वर्गातले दोघे होते. दोघांची शेते एकाला एक लागून. बांधावरून सहा वर्षे बोलणे बंद. वर्गातही एक दाराशी बसे, दुसरा खिडकीशी. त्या रात्री दोघेही रडले. पण एक या वाटेने घरी गेला, दुसरा त्या वाटेने.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारले, "काल कोणाकोणाला रडू आलं?"

बहुतेक हात वर झाले. त्या दोघांचेही झाले. दोघांनी एकमेकांचे हात पाहिले, आणि माना खाली घातल्या.

गुरुजी म्हणाले, "रडू येणं चांगलं. मन मऊ आहे याची ती खूण. पण पडद्यावरच्या माणसासाठी रडायला काही खर्च लागत नाही. दिवा लागला, की ते रडणं संपतं. जिवबा आणि मिर्झा यांनी फार उशीर केला. आपल्याला अजून उशीर झालेला नाही."

कोणाचे नाव त्यांनी घेतले नाही. वर्ग सुटला. सगळे उठले. दाराशी बसणारा मात्र उठला नाही. खिडकीकडे न पाहता तो म्हणाला,

"बांध माझ्याच हद्दीत हाय. ते मी सोडनार न्हाई."

खिडकीकडून उत्तर आले, "मी तरी कुठं सोडतो म्हनलो?"

झाले, पुन्हा जुनेच सुरू होणार असे आम्हांला वाटले. पण दाराशी बसणारा पुढे बोलला.

"पर कागद काय म्हनतो, ते आपन दोघांनी कधी वाचलंच न्हाई. तू तुझ्या भावाचं ऐकलंस, मी माझ्या मेव्हण्याचं. आता दोघांनाबी वाचता येतंय. मोजणीचा नकाशा काढू. एकाच वक्ताला, एकाच जागी बसून वाचू. जे निघंल ते निघंल."

दुसरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नकाशाची फी निम्मी मी देतो."

एवढेच झाले. गळाभेट झाली नाही. बांधाचा तंटा त्या दिवशी मिटला असेही नाही. पण सहा वर्षांनी दोघे एकमेकांशी बोलले. पुढच्या सोमवारी दोघे एकाच एस.टी.ने तालुक्याला गेले. बोलपटाचे काम तेवढेच. तो दार उघडून देतो. उंबरा आपणच ओलांडायचा असतो.

५. सिनेमा पाहिल्यावर विचारायचे चार प्रश्न

पहिला प्रश्न. यात खरे किती, आणि रंगवलेले किती? साल कोणते? ही माणसे खरोखर होऊन गेली का? पुस्तकात काय लिहिले आहे?

दुसरा प्रश्न. चमत्कार आणि देखावा बाजूला काढला, तर काय उरते? जे उरते ते धरून ठेवावे. काहीच उरले नाही, तर ती नुसती करमणूक. करमणूक वाईट नव्हे. पण तिला उपदेश म्हणू नये.

तिसरा प्रश्न. यात कोणाची बाजू दिसली नाही? जिजाईची? गरिबाची? दुसऱ्या धर्माच्या माणसाची? कोणाला सरसकट वाईट ठरवले असेल, तर जरा थांबून विचार करावा. सिनेमा बनवणाराही माणूसच. तोही चुकतो. कधी मुद्दाम भडकावतोसुद्धा. 'शेजारी' मध्ये संशय पेरणारा माणूस होता. आज कोणी मोबाईलवर दोन मिनिटांचे चित्र पाठवून तेच काम करू शकतो. ते पुढे पाठवण्याआधी पहिला प्रश्न विचारावा.

चौथा प्रश्न. उद्या सकाळी मी काय वेगळे करणार? याचे उत्तर लहान असले तरी चालेल. आजींनी एक नाव वहीत लिहिले. काकांनी न वाचता अंगठा करणे सोडले. दोघा शेजाऱ्यांनी एक नकाशा मागवला.

हे चार प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. थोडे थांबावे मात्र लागते.

मुक्या चित्रांच्या काळी न वाचता येणारा माणूस शेजाऱ्याला विचारी, "काय लिहिलंय हो?" आज तुम्ही स्वतः वाचू शकता. तेव्हा यापुढे पडद्यावर काही दिसले, तर स्वतःला विचारा, "हे खरंच असं कुठं लिहिलंय का?" आणि जाऊन वाचा.

कठीण शब्द

आख्यायिका, दंतकथा – लोकांच्या तोंडून चालत आलेली गोष्ट
श्रेय – केलेल्या कामाचा मान
गारदी – पेशव्यांच्या पदरचे भाडोत्री शिपाई
देहान्त प्रायश्चित्त – पापाबद्दल स्वतःचा प्राण देणे
जामीन – दुसऱ्याच्या कर्जाची हमी घेणारा
नजराणा – राजाने किंवा राजाला दिलेली भेट

उत्तरे द्या

१. मराठीतला पहिला बोलपट कोणता? तो कोणत्या साली निघाला?
२. आजींना गाथेत अभंग का सापडला नाही?
३. रामशास्त्र्यांनी रघुनाथरावाला काय सांगितले? ते सांगायला धैर्य का लागले असेल?
४. जिजाईबद्दल सूनबाई जे बोलल्या, ते तुम्हांला पटते का? घरी विचारा आणि वर्गात सांगा.
५. तुम्ही पाहिलेल्या एका सिनेमाला वरचे चार प्रश्न लावा. चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीत पाच ओळींत लिहा. खाली आपली सही करा.